टाकीचं अजीर्ण

बाजारात मला सगळे टाकीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून राग येत नाही. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्याचा मात्र येतो. गेल्या वर्षापर्यंत मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पोरांनी सांडलेलं अ‍ॅसिड पुसलं आणि विज्ञानाच्या बाई शिकवत असताना मागे भिंतीला टेकून ऐकत राहिले. परीक्षा द्यायची नसली की डोक्यात बरंच शिरतं.

भाजीबाजाराच्या मागच्या अंगणात पूर्वी सडक्या पाल्याचा ढीग असायचा. आता तिथे माझी टाकी आहे. पंधरा हजार लिटरची, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली, आणि वरून पत्र्याची मोठी टोपी घातलेली. एका बाजूने बारीक केलेला पाला पाण्यात कालवून आत ढकलायचा, दुसऱ्या बाजूने पातळ खत बाहेर येतं. मधल्या मध्ये, अंधारात, हवेचा वारासुद्धा न लागता, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव तो पाला खातात आणि मिथेन सोडतात. गॅस साठला की टोपी वर उचलली जाते. त्या टोपीवर मी पांढऱ्या रंगाने वीस रेघा मारल्या आहेत, म्हणजे पोट किती भरलंय ते लांबूनही कळतं.

ही टाकी बाजार स्वच्छ राहावा म्हणून बांधली, असं मी सगळ्यांना सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. बाजाराला लागूनच आमच्या ह्यांची बेकरी आहे. दगडी भट्टी, लाकडावर चालणारी, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. तीस वर्षं त्या धुरात उभं राहून ह्यांच्या छातीचा पार भाता झाला होता. चार पावलं चालले की थांबायचे, आणि थांबलोय ते दुकानाच्या पाट्या वाचायला असं दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, एक तर धूर सोडा, नाहीतर भट्टी सोडा. घरी येताना हे मला म्हणाले, "भट्टी सोडली तर सकाळी उठून मी करू काय?"

विजेची भट्टी आणावी तर आमच्या गल्लीतली वीज दिवसातून चार वेळा रुसते. सिलिंडर लावावेत तर एवढ्या मोठ्या भट्टीला ते पुरणार किती. मग एका दुपारी मला बाईंचा एक तास आठवला. काचेच्या बरणीत सडका पाला, बरणीच्या तोंडाला फुगा, आणि आठ दिवसांनी तो फुगा टम्म. घराबाहेर पाल्याचा डोंगर आणि घरात भुकेली भट्टी, मध्ये फक्त एक भिंत, आणि बावीस वर्षं मी नळ्या धूत होते.

अंगण बाजाराच्या समितीचं. समितीचे अध्यक्ष बटाट्यांचे ठोक व्यापारी, कमी बोलणारे आणि बोलले की मोजून बोलणारे. त्यांना त्या जागेवर मालाच्या गाड्या लावायच्या होत्या. तरी त्यांनी मला सहा महिने दिले आणि एक अट घातली. सहा महिन्यांनंतरच्या पहिल्या रविवारी बेकरीच्या सकाळच्या चारही खेपा ह्या गॅसवर भाजून निघाल्या पाहिजेत, लाकडाची एक काडीही न जाळता. नाही निघाल्या तर टाकी बुजवायची. अट रास्त होती, म्हणूनच जास्त झोंबली.

सुरुवात झकास झाली. गावाबाहेरच्या गोठेवाल्याकडे आधीपासून अशी एक टाकी चालू होती. तिच्यातला काळा रबडा विरजण म्हणून आणला आणि माझ्या टाकीत घातला. पहिल्या दोन वेळा टोपी वर आली तेव्हा तो गॅस मी न पेटवता वाऱ्यावर सोडून दिला, कारण सुरुवातीला त्यात हवा मिसळलेली असते आणि तिच्याशी खेळ नको. बाजारातल्या लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं, पिकवते आणि उडवते. तिसऱ्या टोपीला मी टाकीशेजारच्या छोट्या शेगडीला काडी लावली. निळी ज्योत. आवाज नाही, धूर नाही, नुसती निळी, शांत, सरळ उभी. कांदेवाली मावशी तोंडाला पदर लावून बघत राहिली. कांदा टाकीला फारसा सोसत नाही म्हणून मी तिचा कचरा घेत नव्हते आणि त्यामुळे ती माझ्यावर रुसली होती. त्या दिवशी रुसवा गेला. म्हणाली, "माझा नको घेऊस बाई, पण पेटवशील तेव्हा मला हाक मार."

मी रोज सकाळी टाकीतला थेंबभर रस काढून त्यात रंगाची कागदी पट्टी बुडवायची आणि वहीत लिहायची. पट्टी हिरवी म्हणजे तब्येत ठीक. पिवळी म्हणजे आंबट, धोका. पाच महिने हिरवी, हिरवी, हिरवी. खाणंही बेताबेताने वाढवत होते. लोकांनाच धीर नव्हता. येणारा-जाणारा टोपीकडे बघून विचारायचा, आज किती रेघा? चार म्हटलं की चेहरा पाडायचा. चार खेपांना सोळा रेघा तरी लागणार होत्या. मी ऐटीत सांगायचे की तिचं पोट तयार होऊ द्या, मग ती खाईल तितका गॅस देईल. हे वाक्य मी आमच्या ह्यांनाही ऐकवलं होतं. एकदा नव्हे, दहादा.

रविवार पंधरा दिवसांवर आला तेव्हा वेल्डरला बोलावून भट्टीच्या तळाशी भोकांची लांब नळी बसवायला घेतली. चार दिवस मी त्याच्या मागे मागे. इथे जोड दे, तिथे गळतंय बघ, साबणाचं पाणी लाव. आणि नेमकं त्याच चार दिवसांत टोपी वर यायला लागली. नऊ रेघा. अकरा. चौदा. बाजारात नुसती धांदल उडाली. टोमॅटोवाला गिऱ्हाईक सोडून टोपी बघायला यायचा. मी भट्टीत अर्धी शिरलेली असायचे आणि बाहेरून कुणीतरी ओरडून आकडा सांगायचं. मला इतका आनंद झाला होता की पट्टी बुडवायची राहूनच गेली. एक दिवस राहिली, मग दुसरा दिवस. टोपी डोळ्यांसमोर वर येतेय म्हटल्यावर पट्टी कशाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. टाकीजवळ जरा आंबूस वास येत होता. मी तोही टोमॅटोच्या नावावर खपवला.

मंगळवारी टोपी अठराव्या रेघेवर होती आणि नळी तयार होती. आम्ही सकाळीच भट्टी पेटवून बघायचं ठरवलं. निम्मा बाजार बेकरीत आणि उरलेला दारात. हे पांढरा धुतलेला सदरा घालून आले होते, जसं काही कुणाचं बारसं आहे. मी तोटी उघडली आणि काडी लावली.

भप्पकन एक पिवळा लोळ आला, नळीपासून सुटला, हवेत लोंबकळला आणि विझला.

दुसरी काडी. तिसरी. अकरा काड्या मी मोजल्या. कुणी म्हणालं काडेपेटी सर्दावली असेल. वेल्डर म्हणाला नळीत पाणी उतरलं असणार. पाणी काढलं, फुंकर मारून नळी साफ केली, पुन्हा तेच. गॅस भरपूर येत होता, नाकाला लागत होता, आणि पेटत नव्हता. मी टाकीकडे गेले, रस काढला, पट्टी बुडवली. पिवळी. लिंबाच्या सालीसारखी पिवळी.

म्हणजे टोपी भरली होती ती मिथेनने नव्हे. आंबण्यातून जो बिनकामाचा वायू येतो, जो आग पेटवत नाही उलट विझवतो, त्याने ती फुगली होती. अठरा रेघांवर बाजार नाचत होता आणि आत माझे ते मिथेन करणारे जीव आंबट पाण्यात गुदमरत होते.

आता माझा स्वभाव सांगते. मला आधी राग येतो आणि विचार त्याच्या मागून धापा टाकत येतो. दोन दिवसांपूर्वी कांदेवाल्या मावशीने अध्यक्षांना टाकीच्या तोंडाशी वाकलेलं पाहिलं होतं आणि मला सांगितलं होतं. एवढं पुरे झालं. मी तशीच पिवळी पट्टी हातात धरून बेकरीत आले. अध्यक्ष दारात उभे होते.

"तुम्ही टाकीत काय ओतलंत?" मी विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी टेपने जागा मोजायला आलो होतो," ते म्हणाले. "गाड्या किती बसतील ते बघायला. ते काही चांगलं केलं नाही, मान्य आहे. पण ओतलं काही नाही."

मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. म्हटलं, अ‍ॅसिड ओतल्याशिवाय पट्टी एवढी पिवळी होत नाही, बावीस वर्षं मी अ‍ॅसिड पुसलंय, मला शिकवू नका. जागेसाठी माणूस कुठल्या थराला जातो ते बघा, असं मी लोकांकडे वळून म्हटलं. टोमॅटोवाला माझ्या बाजूने मान डोलवायला लागला होता. अध्यक्षांचा चेहरा पडला. भर बाजारात वीस वर्षांची पत उतरल्यावर पडतो तसा.

तेव्हा पाठीमागून आमचे हे बोलले. हळूच, आणि मध्ये दम घेत. "त्यांना नको बोलूस. मी घातलंय."

मला वाटलं, हे भांडण मिटवायला काहीतरी बोलतायत. मी वळले. ह्यांनी दोन्ही हातांनी पिठाच्या पिंपाची कड धरली होती.

"पाव," हे म्हणाले. "उरलेले, परत आलेले. रोज रात्री दोन पोती. भिजवून, कुस्करून. वरून थोडी साखरही."

का, मी विचारलं.

"तूच म्हणालीस ना, खाईल तितका गॅस देईल. चार रेघा बघून तू जेवतही नव्हतीस. म्हटलं, आपण जरा हातभार लावू. आणि टोपी वर यायला लागली, तू हसायला लागलीस. मग मला थांबवेना."

अति तेथे माती म्हणतात, इथे नुसता चिखल झाला होता. भाजीपाल्यात मुळात पाणीच फार. एक पोतं पाव म्हणजे कित्येक पोती पाला एकदम गिळण्यासारखं, आणि त्यावर साखर. पाव इतका लवकर आंबतो की गॅस करणाऱ्या जिवांना ते आंबट संपवताच येत नाही. माझ्या टाकीला कुणी विष घातलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने तिला प्रेमाने अजीर्ण करून ठेवलं होतं.

मला ह्यांच्यावर जोरात ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण डोळ्यांसमोर वहीची पानं आली, चार कोरी पानं. पहिल्याच दिवशी पट्टी बुडवली असती तर हिरवट-पिवळी दिसली असती आणि दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना पकडलं असतं. हे चुकले ते कळत नसल्यामुळे. मला कळत होतं. मी तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं आणि अध्यक्षांना म्हटलं की माझं चुकलं, तुमच्यावर मी खोटा आळ घेतला, आणि सगळ्यांसमोर घेतला म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. टाकी बिघडण्यात माझा वाटा ह्यांच्याहून मोठा आहे, हेही सांगितलं. माफी मागायची मला सवय नाही.

अध्यक्ष म्हणाले, "माफी मिळाली. रविवार काही बदलणार नाही." आणि बटाट्यांकडे गेले.

बारा दिवस उरले होते.

मी विज्ञानाच्या बाईंना फोन लावला. बाई आता निवृत्त झाल्यात, पण त्यांचा आवाज अजून वर्गातलाच आहे. त्यांनी आधी पुरतं ऐकून घेतलं, मग खो खो हसल्या आणि मग एकेक करून सांगितलं. खाणं पूर्ण बंद, कडक लंघन. चालू टाकीतलं ताजं विरजण पुन्हा आणायचं. आणि आंबटपणा मारायला खायचा सोडा, पण थोडा थोडा, दिवसातून तीनदा, कारण एकदम ओतला तर फेस उसळून टोपीसकट बाहेर येईल. मी विचारलं, एवढा सोडा आणू कुठून? बाई म्हणाल्या, "अगं, नवरा बेकरीवाला ना तुझा?"

बिस्किटांसाठी आणलेली सोड्याची दोन पोती बेकरीच्या कोपऱ्यात उभी होती. ह्यांनी ती मला उचलू दिली नाहीत. बादलीभर सोडा पाण्यात विरघळवायचा, चाळीस पावलं चालायचं, मध्ये दोनदा थांबायचं, आणि टाकीच्या तोंडात बारीक धारेने सोडायचा. पाट्या वाचायचं सोंगही ह्यांनी सोडून दिलं होतं. मी सोबत चालायचे. आम्ही बोलत नव्हतो असं नाही, पण विषय टाकीचाच.

गोठेवाल्याने पिंपं भरून काळा रबडा दिला आणि वर टोमणाही दिला, की माझ्या गाईंनासुद्धा मी पाव खाऊ घालत नाही. कांदेवाल्या मावशीने टाकीच्या तोंडाशी आपली पाटीच मांडली. लोक पाला घेऊन सवयीने यायचे आणि ती हाकलून द्यायची. एका म्हातारबाबांनी तर थोडासा, अगदी मूठभर कोबी घालू द्या, उपाशी कसं ठेवायचं असं म्हणत तिच्याशी वाद घातला. मावशी म्हणाली, तुमच्या मूठभर मायेनेच ही आडवी पडलीय. म्हातारबाबा कोबी घेऊन घरी गेले.

आणि पट्ट्या. आता मी दिवसातून तीन वेळा बुडवत होते आणि दर वेळी दहा-बारा डोकी माझ्या खांद्यावरून वाकलेली. बुधवारी पिवळी, गुरुवारीही पिवळी. शुक्रवारी टोमॅटोवाला शपथेवर म्हणाला की कडेला हिरवी झाक आहे, मी म्हटलं तुझ्या डोळ्यांत आहे. शनिवारी झाक मलाही दिसली. रविवारी पोपटी. सोमवारी मी पट्टी काढली आणि ती हिरवी होती, पानासारखी हिरवी, वाद घालायला जागाच नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना बाजारात कधी हात लावला नव्हता, त्या दिवशी दंड धरून गदागदा हलवलं.

टोपीतला सगळा खराब वायू आधीच सोडून दिला होता. टोपी खाली बसलेली, पहिली रेघसुद्धा दिसत नव्हती. मंगळवारी सकाळी दीड रेघ. छोट्या शेगडीला काडी लावली. ज्योत उठली, जरा पिवळी डगमगली आणि निळी होऊन उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते, बाळ झोपलं असेल तर बघावं तसे. मग मावशीने नाक शिंकरलं आणि एकदम कालवा झाला.

तरी हिशेब अवघड होता. लगेच पोटभर खायला घालता येत नव्हतं, पेजेसारखं पातळ आणि मोजकं द्यायचं. रोज दोन-तीन रेघा चढत होत्या. शनिवारी संध्याकाळी तेरा झाल्या. अटीच्या रविवारी सकाळी, चौदा. मी सोळा लागतील म्हणत होते. चहा घेताना हे स्वतःच म्हणाले की चौदा तर चौदा.

अध्यक्ष आले, भट्टीच्या समोर एक स्टूल ओढून बसले. लाकडाची मोळी त्यांनी आधीच बाहेर काढायला लावली होती. भट्टी पेटली. वेल्डरने बसवलेल्या नळीवर निळ्या ज्योतींची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिचा मंद घूं असा आवाज. दगड तापायला लागले. बाहेर टोपीशी टोमॅटोवाला उभा, रेघा मोजायला. तो ओरडायचा, दारातला माणूस आत ओरडायचा. दहा. पहिली खेप आत गेली आणि लालसर फुगून बाहेर आली. आठ. दुसरी. गरम पावाचा वास सुटला आणि लाकडाच्या धुराशिवाय तो वास इतका वेगळा, इतका गोड असतो हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. पाच. तिसरी खेप निघाली तेव्हा बाहेरून आवाज आला, दोन. मग थोड्याच वेळात, एक.

ज्योती खुज्या झाल्या. टोकाच्या दोन विझल्या. चौथी खेप फळ्यांवर फुगून तयार होती. बाहेर कुणीतरी म्हणत होतं की टोपीवर दगड ठेवा, दाब वाढेल. दाब वाढेल, गॅस कुठून वाढणार?

हे पुढे झाले आणि तोटी बंद केली. उरल्यासुरल्या ज्योतीही गेल्या. भट्टीचं लोखंडी दार लावून घेतलं, कडेने ओलं फडकं दाबलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दहा मिनिटं गेली. मग ह्यांनी दार उघडलं, मूठभर पीठ आत भिरकावलं, ते तांबूस कसं होतं ते लांबूनच बघून मान हलवली आणि चौथी खेप आत सारली.

अध्यक्ष स्टुलावरून उठले. "जाळ तर विझलाय," ते म्हणाले. "अट चारही खेपांची होती."

"साहेब, पाव जाळावर भाजत नाही," हे म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "लाकूड होतं तेव्हाही मी आधी निखारे बाहेर ओढायचो, मग पाव घालायचो. भाजतात त्या भिंती. ह्या भिंती आज कशाने तापल्यात ते तुम्ही बसून बघितलंय."

अध्यक्षांनी वाकून विझलेल्या नळीकडे पाहिलं, मग भट्टीच्या दगडावर तळहात ठेवला आणि चटका बसून पटकन उचलला. फुंकर मारत मारत म्हणाले, "बरोबर आहे. ही खेप नीट निघाली तर टाकी राहील. माझा शब्द."

वीस मिनिटं. बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. वेळ झाली तसं मी पदर खोचला आणि भट्टीच्या तोंडाशी गेले. दोन वर्षं हे काम माझं होतं. दार उघडलं की धुराचा लोट तोंडावर यायचा आणि ह्यांचा श्वास अडकायचा, म्हणून हे चार हात लांब उभे राहायचे, मी आत वाकून बघायचे आणि रंग सांगायचे, फिका आहे, लालसर आहे, काढा. स्वतःच्या भट्टीत स्वतःचा पाव भाजताना ह्या माणसाने दोन वर्षं पाहिलेला नव्हता.

मी दाराला हात घातला.

"थांब," हे म्हणाले. "मला बघू दे."

मी बाजूला झाले. ह्यांनी सांगितलं आणि मी लगेच ऐकलं असं अडतीस वर्षांत पहिल्यांदाच झालं असेल. ह्यांनी दार उघडलं आणि डोकं खाली घालून तोंड थेट भट्टीशी नेलं. ठसका आला नाही. हे वाकलेलेच राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि आतली तांबूस ऊब चेहऱ्यावर पडलेली. बराच वेळ गेला. मागून कुणीतरी चुळबुळलं.

"अहो," मी शेवटी म्हटलं, "झालाय का?"

"कधीचाच झालाय," हे म्हणाले. "अजून जरा बघतो."